बोकडकाट्याचा डिंक

ज्या झुडपाविषयी मी लिहिणार आहे ते महाराष्ट्रात उगवत नाही. सह्याद्रीच्या एका पावसाळ्यातच त्याची मुळे कुजून जातील. तरीदेखील त्याच्या डिंकाचे नाव आपल्याकडच्या पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहे. वैशाखवणवा पेटला, अंगाची काहिली होऊ लागली, उन्हाळी लागली, की जुन्या बायका फडताळातून एक पुडी काढीत आणि तीतले दोन-चार खडे रात्री वाटीभर पाण्यात टाकून ठेवीत. सकाळी पाहावे तो वाटी काठोकाठ भरलेली आणि आत बर्फाच्या चुऱ्यासारखा थलथलीत गोळा. खडीसाखर घालून तो घशाखाली उतरवायचा. हा कतिरा.

लाडवाच्या डिंकाशी त्याची गल्लत करू नये. लाडवात जातो तो बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक. तो तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो आणि पाण्यात टाकला की विरघळतो. कतिऱ्याचे सगळे उलट. तुपात तो फुलत नाही आणि पाण्यात पुरता विरघळतही नाही; नुसता फुगत राहतो. चिमूटभर कतिरा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पोटात घेऊन बसतो. या एका गुणावर त्याने दोन हजारांहून अधिक वर्षे जगाच्या बाजारात आपली पत राखली.

मी शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात इराण म्हटले की दरायस येतो, मग मोठी उडी मारून नादिरशहा येतो, तो दिल्ली लुटून मयूरासन घेऊन जातो आणि इराणचा विषय संपतो. मयूरासनाचे पुढे काय झाले हे मुले हमखास विचारतात. पण त्याच मुलुखातल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर उन्हाळाभर हत्यार घेऊन हिंडणाऱ्या, एकेका झुडपापुढे गुडघे टेकून त्याच्या मुळाला चीर देणाऱ्या माणसांविषयी अजून कुणी काही विचारलेले नाही. विचारणार तरी कसे? त्यांचे नाव कुठल्याच धड्यात नाही. आहे ते त्यांनी गोळा केलेल्या मालाचे, आणि तेही धड नाही.

त्या नावापासूनच सुरुवात करतो. ग्रीक भाषेत ट्रॅगॉस म्हणजे बोकड आणि अकांथा म्हणजे काटा. म्हणून हे झाड ट्रॅगकांथा, म्हणजे बोकडकाटा. इंग्रजांच्या जिभेला ट्रॅगकंथ हा शब्द जड गेला असावा. त्यांच्या बाजारात त्याचा ‘गम ड्रॅगन’ झाला, आणि बोकडाचा असा एकदम अग्निमुखी सर्प बनला! अरबांनी या डिंकाला कथीरा म्हटले, इराण्यांनी कतीरा, तुर्कांनी कित्रे. आपण इराण्यांकडून शब्द घेतला आणि दीर्घ ईकार आपल्या सोयीने ऱ्हस्व केला. झुडपाला मात्र इराणात गवन म्हणतात आणि तुर्कस्तानात गेवेन.

वनस्पतिशास्त्रात या झुडपाचे घराणे अॅस्ट्रागॅलस. हाही ग्रीक शब्दच. घोट्याच्या हाडाला ते अॅस्ट्रागॅलॉस म्हणत आणि मेंढीच्या घोट्याच्या हाडांचे फासे करून जुगार खेळत. वाळलेल्या शेंगेत बिया फाशांसारख्या खुळखुळतात म्हणून हे नाव पडले असावे, असे एक मत आहे. घराणे केवढे म्हणाल, तर सपुष्प वनस्पतींत याहून मोठे घराणे नाही. सुमारे तीन हजार जाती! आपल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हे भाऊबंद. फुलाचा आकार तोच, शेंगही त्याच वळणाची. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात सर्व प्रकारचे लोक असणारच. चिनी वैद्यकात शक्तिवर्धक म्हणून शेकडो वर्षे मान पावलेले हुआंगची याच घराण्यातले. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत जनावरांना वेड लावून मारणारे ‘लोकोवीड’ म्हणून बदनाम झालेले गवतही काही अंशी याच घराण्यातले. युरोपात यातल्या एका जातीने शेळ्यांचे दूध वाढते अशी समजूत होती. त्यावरून इंग्रजीत सबंध घराण्यालाच ‘मिल्कव्हेच’ म्हणू लागले. आपला बोकडकाटा दूधही देत नाही आणि वेडही लावत नाही. तो डिंक देतो, आणि तोही जखम केल्यावर.

तुर्कस्तानचे अनातोलिया पठार, सीरिया-लेबनॉनचे डोंगर, कुर्दांचा मुलूख आणि इराणची झाग्रोस पर्वतराजी हे याचे माहेर. समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटरवर तो दिसू लागतो आणि पुढे बर्फाच्या प्रदेशापर्यंत चढत जातो. पाऊस अगदी थोडा, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात जाळ, आणि बाराही महिने वारा. अशा ठिकाणी उंच वाढण्यात शहाणपण नाही. म्हणून हे झुडूप जमिनीला बिलगून, उशीसारखे गोल वाढते. दुरून पाहणाऱ्याला डोंगरावर साळिंदरे अंग आखडून बसली आहेत असे वाटावे. त्याच्या काट्यांची तऱ्हा मोठी गमतीची आहे. बाभळीला काटे वेगळे फुटतात आणि पाने वेगळी. इथे पानाचाच काटा होतो. चिंचेच्या पानासारखी दोन्ही बाजूंना बारीक दले असलेली ही पाने; दले गळून पडतात, पण मधला दांडा गळत नाही. तो वाळतो, कडक होतो, अणकुचीदार होतो आणि वर्षानुवर्षे फांदीवर राहतो. म्हाताऱ्या पानांनी नव्या पालवीभोवती असा पहारा द्यायचा. आत, काट्यांच्या आडोशाला, माती आणि ओल टिकते आणि इतर झाडांची रोपेही तिथे जीव धरतात. उघड्या उतारावरची माती आणि बर्फ धरून ठेवण्याचे कामही हीच झुडपे करतात.

वर वीतभर-हातभर पसारा असला, तरी खाली सोटमूळ खोल गेलेले असते. खरी मिळकत आहे ती या मुळात. मुळाच्या आणि खोडाच्या गाभ्यातल्या पेशींच्या भिंती हळूहळू बदलत जातात आणि त्यांचाच डिंक होतो. ह्यूगो फॉन मोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८५७ साली सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवून दिले. तोवर लोकांची समजूत अशी होती की, डिंक म्हणजे झाडाचा वाळलेला रस. मोलने दाखवले की हा रस नव्हे, हे झाडाचे अंगच आहे. गाभा पाणी ओढून फुगतो, बाहेरचे लाकूड त्याला दाबून धरते, आणि कुठे चीर पडली की कोंडलेला डिंक आपोआप बाहेर ढकलला जातो. चीर लांबट असली तर त्याची चपटी फीत निघते, नुसते भोक असले तर शेवयांसारखी वळलेली तार निघते. काही पेशी पुरत्या बदललेल्या नसतात. त्यांतले पिठाचे कण डिंकाबरोबर तसेच बाहेर येतात. वाचकांनी ही पिठाची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

डिंक काढण्याची रीत दिसायला सोपी. झुडपाच्या बुंध्याजवळची माती उकरून मूळ उघडे करायचे, धारदार हत्याराने त्याला चीर द्यायची, काही ठिकाणी चीर मिटू नये म्हणून तीत लहानशी पाचर ठोकायची, आणि पुढच्या झुडपाकडे जायचे. काही दिवसांनी परत यायचे, तोवर फिती वाळून कडक झालेल्या असतात. त्या खुडून घ्यायच्या. एका झुडपातून मिळून मिळणार काही ग्रॅम. म्हणजे पोतेभर डिंकासाठी किती डोंगर तुडवावे लागत असतील, किती वेळा वाकावे लागत असेल आणि हातांत किती काटे मोडत असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मधेच पाऊस आला किंवा धुळीचे वादळ उठले की पांढऱ्या फिती पिवळट-तपकिरी होतात आणि भाव पडतो. इराणी व्यापाऱ्यांनी मालाचे दोन मुख्य वर्ग केले. फितींचा आणि तारांचा तो मफ्तूली, म्हणजे पिळाचा. पापुद्र्यांचा आणि तुकड्यांचा तो खरमनी. मफ्तूली उंची, खरमनी हलका. आणखी एक रीत होती, आणि ती क्रूर होती. चीर दिल्यावर झुडपाचा वरचा भाग पेटवून द्यायचा. त्याने डिंक जास्त येतो. पण झुडूप खंगते आणि पुष्कळदा मरते. ज्याला पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर यायचे आहे तो असे करणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो करील.

या डिंकाची लेखी हकीकत फार जुनी. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास लिहून ठेवले की, हा काटा केवळ क्रीट बेटावर होतो असे लोक समजत, पण तो ग्रीसच्या दक्षिण भागातही होतो आणि आशियात मीडियाकडेही होतो. मीडिया म्हणजे आजच्या इराणचा वायव्य भाग. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस तर मूळ कापल्यावर डिंक जमतो हेही सांगतो, आणि पारदर्शक, पातळ, गुळगुळीत, स्वच्छ असेल तो उत्तम म्हणतो. डोळ्यांच्या औषधात, खोकल्यावर, बसलेल्या घशाला मधाबरोबर जिभेखाली धरायला त्याने तो सांगितला आहे. त्याची परीक्षा आजच्या काष्ठौषधीवाल्यालाही मान्य होईल.

पण हा डिंक नेमक्या कोणत्या झुडपाचा, हे ठरवायला युरोपातल्या पंडितांना किती काळ लागला ते पाहून हसू येते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने पूर्वेकडे पाठवलेला वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर याने १७०० साली क्रीटच्या आयडा पर्वतावर डिंक झिरपताना प्रत्यक्ष पाहिला. त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १७१७ साली छापले गेले. पुढे १७५३ साली लिनीयसने सर्व वनस्पतींना द्विनामे दिली तेव्हा अॅस्ट्रागॅलस ट्रॅगकांथा हे नाव ज्या जातीला चिकटले, ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, मार्सेलच्या आसपास वाढते आणि व्यापारातला डिंक देतच नाही! १७९० साली लाबियार्दिएर याने लेबनॉनमधल्या जातीचे वर्णन करून तिला गमिफर, म्हणजे ‘डिंक देणारी’, असे नाव दिले, आणि पाठ्यपुस्तकांतून तेच कायम झाले. मग १९५७ साली हॉवर्ड स्कॉट जेन्ट्री या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचा इराणातल्या या धंद्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि जगाच्या बाजारातला पुष्कळसा इराणी माल गमिफरचा नसून त्याच घराण्यातल्या दुसऱ्याच जातींचा आहे असे दिसून आले. पंडित दोनशे वर्षे नावे ठेवीत होते. गवन कापणाऱ्या माणसाला मात्र कोणते झुडूप कापायचे याचा कधी घोटाळा पडला नाही.

इकडे त्याच्या डिंकावाचून जगाचे अडत होते. औषध करणाऱ्यांना गोळी बांधायला तो हवा. पाण्यात न मिसळणारी औषधी पूड बाटलीच्या तळाशी बसू नये, तेल वर तरंगू नये, म्हणून तो हवा. युरोपातल्या चिटांच्या कारखान्यांत रंग कापडावर पसरू नये, नक्षीची कड रेखीव उमटावी, म्हणून रंगाला जाडी आणायला तो हवा. रेशमाला खळ द्यायला, कातड्याच्या कडा घोटायला, चिरुटाचे शेवटचे पान चिकटवायला तोच. चिरूट ओढणाऱ्याच्या ओठांना जो चिकट भाग लागतो त्याला चव असून चालत नाही, आणि कतिऱ्याला ती नाही. आईस्क्रीम, सॅलडवर ओतायची आंबट पातळ चटणी, केकवरची साखरेची फुले, या सर्वांत तो गेला. ज्या वस्तूचे अस्तित्व कुणाला जाणवू नये हीच तिची किंमत, अशी ही वस्तू.

एका कलेने मात्र त्याला पाया म्हणून मान दिला. तुर्कस्तानात कागदावर ढगांसारखी, संगमरवरासारखी नक्षी काढतात. तिला एब्रू म्हणतात. पसरट तबकात कतिऱ्याचे दाटसर पाणी भरायचे, त्यावर बैलाच्या पित्तात कालवलेले रंग शिंपडायचे. साध्या पाण्यात ते बुडाले असते. या पाण्यावर ते तरंगतात. मग सुईने ते हलकेच ओढून वेलबुट्टी काढायची आणि वरून कागद ठेवून ती उचलून घ्यायची. विसाव्या शतकात नेजमेद्दिन ओकयाय (१८८३–१९७६) यांनी या रीतीने फुले काढून दाखवली आणि त्यांचे शिष्य मुस्तफा दुझगुनमान (१९२०–१९९०) यांनी ती परंपरा जगवली. २०१४ साली युनेस्कोने एब्रूची नोंद मानवजातीच्या वारशात केली. याच कलेचे इराणी-दख्खनी भावंड ते अबरी. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे शहाजीराजांच्या काळात, आदिलशाही विजापुरात अबरी कागदातून चित्रे घडवली गेली. हाडे मोजून घ्यावीत इतका खंगलेला घोडा आणि त्यावरचा स्वार, असे एक विजापुरी चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची छापील प्रत मी पाहिली आहे. मुलूख दुष्काळाचा आणि घोडा नुसता सापळा. पण त्याच्या अंगावरून रंगांचे ढग असे वाहताहेत की डोळा खिळून राहावा.

आता मुंबईकडे येऊ. इराणी आखातातल्या बंदरांचा आणि मुंबईचा व्यापार जुना. गलबतांतून खजूर येई, घोडे येत, आणि पोत्यांतून डिंक व काष्ठौषधी येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत सरकारी औषधभांडाराचा प्रमुख म्हणून विल्यम डायमॉक हा इंग्रज होता. हा गृहस्थ बाजारात हिंडे, हकिमांना आणि वैद्यांना विचारी आणि टिपून ठेवी. पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १८८३ साली निघाला. पुढे वॉर्डन आणि हूपर या दोघांबरोबर त्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ रचला. तो १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. डायमॉक १८९२ साली वारला.

मुंबईच्या बाजारात आखातातून अंझरूत नावाचा आणखी एक डिंक येई. ग्रीक त्याला सार्कोकोला म्हणत. अर्थ, मांस सांधणारा गोंद. जखमेच्या कडा जुळवणारा म्हणून डायोस्कोरिडीसने त्याचे गुण गायले होते. पण तो कोणत्या झाडाचा, हे कुणाला नीट ठाऊक नव्हते. डायमॉकने डिंकात मिसळून आलेल्या काटक्या, शेंगा आणि कापसासारखे तंतू वेचून काढले, आणि त्यांवरून सांगितले की हेही अॅस्ट्रागॅलसच! इराणच्या डोंगरावर न जाता, मुंबईत बसून, पोत्यातल्या कचऱ्यावरून! अॅस्ट्रागॅलस सार्कोकोला या शास्त्रीय नावापुढे डायमॉकचे नाव त्यामुळे लागले. मुंबईतले पारशी हाडवैद्य मोडलेल्या हाडावर जो लेप देत, त्यात हे अंझरूत कापसाबरोबर वापरले जाई, अशी नोंदही त्याने केली आहे. म्हणजे झाग्रोसच्या बोकडकाट्याचा एक चुलतभाऊ मुंबईकरांचे हातपाय सांधीत होता.

आता त्या पिठाच्या गोष्टीकडे वळतो. हा लेख लिहायचे मनात आले तेव्हा मी आमच्या गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो आणि कतिरा मागितला.

“शेटजी, हा कुठला?”

“इराणी आहे, गुरुजी. एक नंबर.”

खडे मोठे होते, ओबडधोबड, मधाच्या रंगाचे. मुंबईच्या एका मित्राने इराणहून आलेल्या कतिऱ्याच्या थोड्या फिती पूर्वी दिल्या होत्या. त्या नखासारख्या पातळ, पांढुरक्या, कमानीसारख्या वाकलेल्या. दोन्ही मी शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. विज्ञानाच्या बाईंनी चंचुपात्रे दिली आणि आयोडीनची बाटली दिली. नववीच्या वर्गाला सांगितले, बघा. रात्रभर दोन्ही भिजले. सकाळी एका मुलीने शेटजींच्या कतिऱ्यावर नाक धरले आणि म्हणाली, “सर, याला व्हिनेगरचा वास येतोय.” येतच होता. मग दोहोंत आयोडीनचे थेंब टाकले. इराणी फितींच्या लगद्यात ठिकठिकाणी निळे ठिपके उमटले. तेच ते पिठाचे कण, मोलने पाहिलेले. दुसऱ्या पात्रात निळ्याचा मागमूस नव्हता.

शेटजी लबाड आहेत असे नाही. घाऊक बाजारातून पोते आले, त्यावर जे नाव होते तेच त्यांनी सांगितले. पण व्हिनेगरच्या वासाचा आणि निळा न होणारा तो डिंक इराणचा नव्हे, आपलाच. तो कराया, म्हणजे कांडोळाचा डिंक. उन्हाळ्यात सातपुड्यात किंवा मेळघाटात गेलेल्यांनी कांडोळ पाहिला असेल: पानगळ झालेल्या रानात पांढराशुभ्र, गुळगुळीत, चांदण्यात भुतासारखा दिसणारा वृक्ष. त्याच्या डिंकात ॲसेटिक आम्ल असते, म्हणून तो वास. सोनसावरीचा, म्हणजे गणेरीचा डिंकही कतिरा म्हणूनच विकला जातो. इराणी माल महाग झाला की व्यापारी त्यात कराया मिसळीत. परदेशी बाजारात त्याला ‘इंडियन ट्रॅगकंथ’ असे नावही पडले. सुरुवातीला तो भेसळीचा माल होता. विसाव्या शतकात त्याचे स्वतःचे गुण कळले, दातांच्या कवळ्या बसवायला आणि सारक म्हणून त्याला मागणी आली, आणि कांडोळावर कुऱ्हाड चालू लागली. डिंक काढणारे आदिवासी. भाव ठरवणारे दुसरेच. जास्त डिंक हवा म्हणून खोल, मोठे घाव घातले गेले आणि झाडे मरू लागली. मध्य प्रदेशात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत डिंक काढण्यावर बंदी घालावी लागली. आंध्रात १९५६ साली स्थापन झालेले गिरिजन सहकारी महामंडळ आदिवासींकडून हा डिंक विकत घेते. तिथे लहान हत्याराने, उथळ घाव घालून, झाड राखून डिंक काढायची रीत शिकवली गेली.

मला खटकते ते हे की, आपण आपल्याच रानातला डिंक परक्या नावाने पितो. गवन कापणारा कुर्द किंवा बख्तियारी माणूस धड्यात नाही हे समजू शकते, तो दूरचा. पण कांडोळावर चढणारा माणूस आपल्याच राज्यात आहे. त्याच्या मालावरचे ‘इराणी, एक नंबर’ हे नाव त्याला आणखी पुसून टाकते.

बोकडकाट्याच्या राज्याला उतरती कळा लागली ती एका कोबीमुळे. कोबीच्या पानांवर काळी कूज नावाचा रोग पडतो. तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स या बाई आणि त्यांचे सहकारी यांना विसाव्या शतकाच्या मध्याला असे आढळले की, हा जिवाणू साखरेवर वाढवला की दाट चिकट पदार्थ तयार करतो. तोच झँथन गम. १९६९ साली अमेरिकेत अन्नात घालायला त्याला परवानगी मिळाली. डोंगर नको, काटे नकोत, पावसाची भीती नको. टाकीत पाहिजे तेवढा डिंक. दुसऱ्या बाजूने आपल्या गवारीच्या बियांचे पीठ आले. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य प्रदेशातल्या एका शेंगेचे बी मिळेनासे झाले, तेव्हा पर्याय म्हणून गवार पुढे आली आणि स्वस्त म्हणून टिकली. मग १९७९ साली इराणात क्रांती झाली, १९८० ते १९८८ इराक-इराण युद्ध चालले. माल अनियमित, भाव भडकलेला. कारखानदारांनी पाककृती बदलल्या, आणि एकदा बदललेली पाककृती कुणी पुन्हा जुनी करीत नाही. आज बाटलीवरच्या बारीक अक्षरांत पाहावे: ४१२ म्हणजे गवार, ४१३ कतिरा, ४१४ बाभळीचा डिंक, ४१५ झँथन, ४१६ कराया. शेजारी शेजारी उभे आहेत. ४१५ सर्वत्र दिसतो. ४१३ शोधावा लागतो. इराणात अजून गवन कापला जातो, एब्रूच्या तबकात अजून कतिरा पडतो, पण पूर्वीची ती मिजास गेली. तिकडे काही ठिकाणी त्याचे काटे जाळून पाला गुरांना घालतात, आणि सरपणासाठी तो समूळ उपटतात. मग उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या वळवात खाली येते.

जाता जाता एक गोड गोष्ट सांगून ठेवतो. इस्फहानची गझ नावाची मिठाई प्रसिद्ध आहे. इस्फहानजवळच्या खानसार भागात गवनाच्याच एका जातीवर एक बारीक किडा बसतो. त्याची पिल्ले झाडाचा रस शोषून गोड थेंब सोडतात. ते थेंब वाळले की काठीने झुडूप झोडपून खाली गोळा करतात. त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि पिस्ते घालून गझ घोटायची. आजच्या पुष्कळशा गझमध्ये साखर जास्त आणि गवनाचा गोडवा थोडा असतो. मुंबईचा तोच मित्र ती घेऊन आला होता. घरात तीन दिवसांत संपली.

एवढी मागणी असताना या झुडपाची शेती कुणी का केली नाही, असे वाचक विचारतील. रानात ते फुकट होते हे एक कारण. दुसरे, त्याला घाई नाही. बी कठीण कवचाचे; वर्षानुवर्षे मातीत तसेच पडून राहते. रोप उगवले तरी चीर देण्याजोगे मूळ व्हायला कित्येक वर्षे जातात. कर्ज काढून शेती करणाऱ्याला इतके थांबणे परवडत नाही. ज्याला हौसच असेल त्याने बी मिळवून खरखरीत कागदावर थोडे घासावे, रात्रभर पाण्यात भिजवावे आणि थेट कायमच्या जागीच पेरावे. सोटमूळ खोल जाते, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावले तर ते जगत नाही. माती मुरमाड, पाणी न साचणारी हवी. ऊन दिवसभर हवे. खताची गरज नाही. शेंगवर्गातले असल्याने मुळांवरच्या गाठींतून ते आपला नत्र आपण मिळवते. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा नाद करू नये. कोरड्या पठारावर कुंडी पावसाळाभर छपराखाली ठेवता आली, तर कदाचित जमेल. कुंपण घालण्याची मात्र गरज पडणार नाही.